गुंठ्यापासून कंसापर्यंत : अवयव पाडण्याचा सराव मुलांच्या हाती कसा द्यावा

आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात जमिनीचं बोलणं अजून गुंठ्यातच चालतं. कर्नाटकातल्या उताऱ्यावरही एकर आणि गुंठेच असतात, त्यामुळे आठवीतल्या पोरांनी आज्ज्याच्या तोंडून गुंठ्याचे हिशेब ऐकलेले असतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा. अवयव पाडण्याचा पहिला तास मी इथूनच सुरू करते. फळ्यावर ३३ बाय ३३ चा चौरस काढायचा आणि त्याच्या एका कोपऱ्यात ३ बाय ३ चा लहान चौरस. तिथं विजेचा खांब आहे, तेवढी जागा सोडायची. उरली किती?

१०८९ वजा ९, म्हणजे १०८०. हे सगळ्यांना येतं. मग दुसरा प्रश्न विचारायचा : हा कोपरा गेलेला तुकडा एकदाच कापून, दोन भाग जोडून सरळ आयत करता येईल का? वर्तमानपत्राचा चौरस आणि कात्री प्रत्येक बाकावर द्यायची आणि आपण गप्प बसायचं. पाच-सात मिनिटांत कुणीतरी खांबाशेजारची ३० फूट लांब, ३ फूट रुंद पट्टी कापतं, ती उभी करून मोठ्या भागाच्या कडेला लावतं. मोठा भाग ३३ बाय ३०, पट्टी ३ बाय ३०. जोडल्यावर ३६ बाय ३०. गुणाकार करून बघा, १०८०. मग फळ्यावर लिहायचं :

३३² − ३² = (३३ + ३)(३३ − ३)

आणि त्याखाली, ३३ च्या जागी क्ष आणि ३ च्या जागी य घालून :

क्ष² − य² = (क्ष + य)(क्ष − य)

सूत्र आधी सांगून मग उदाहरणं सोडवून घेतली, तर मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री विसरतात. कात्रीनं कापलेलं विसरत नाहीत. क्षेत्रफळ हातात आहे, बाजू शोधायच्या आहेत : अवयव पाडणं म्हणजे एवढंच. ही गोष्ट मुलाच्या मनात पक्की बसली की पुढची प्रत्येक पायरी त्याच खुंटीला टांगता येते.

सराव कुठून आणायचा

सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांना ही अडचण नवी नाही. आपलं पाठ्यपुस्तक मराठीत आहे, पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा. दुकानात मिळणारी मराठी मार्गदर्शकं बहुतेक महाराष्ट्र मंडळाची. एका वर्षी मी तिकडच्या उदाहरणांच्या झेरॉक्स काढून वाटल्या. धड्यांचा क्रम वेगळा, काही शब्दही वेगळे, मुलांचा नुसता गोंधळ उडाला. त्यात पावसाळ्यात खानापूरच्या जंगल भागातून येणाऱ्या मुलांची बस चुकते, दिवसच्या दिवस बुडतात. त्यांना घरी बसून, पुस्तकाशिवाय, उत्तरसूचीशिवाय करता येईल असा सराव हवा होता.

तो अवयवांच्या प्रकरणातच दडलेला आहे हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. या प्रकरणातलं प्रत्येक उत्तर मुलाला स्वतः गुणाकार करून तपासता येतं. आणि दोन कंस मनाने घेऊन गुणले की नवं गणित तयार. उत्तरसूची नको, गाईड नको. तेव्हापासून आमच्याकडे गणितं मुलंच बनवतात. खाली जो क्रम देते आहे तो आठवीपासून दहावीपर्यंत चालतो. आठवीत सामाईक अवयव आणि सूत्रं, नववीत बहुपदी, दहावीत वर्गसमीकरणं. एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेच्या, ८० गुणांच्या पेपरात वर्गसमीकरणावर अडलेली बरीच मुलं खरं तर आठवीतल्या अवयवांवर अडलेली असतात.

पहिली पायरी : चिंचोके आणि जोड्या

बीजगणिताला हात लावण्याआधी दोन आठवडे, रोज पाच मिनिटं, फक्त संख्यांच्या जोड्या. ३६ चिंचोके घ्यायचे आणि त्यांचे जितके आयत मांडता येतील तितके मांडायचे. मग वहीत तक्ता करायचा : जोडी, बेरीज, फरक.

१ × ३६, बेरीज ३७, फरक ३५
२ × १८, बेरीज २०, फरक १६
३ × १२, बेरीज १५, फरक ९
४ × ९, बेरीज १३, फरक ५
६ × ६, बेरीज १२, फरक ०

दुसऱ्या दिवशी २४, मग २८, ३०, ४८, ६०. मधेच एखाद्या दिवशी ३७ चिंचोके द्यायचे. एकाच ओळीशिवाय दुसरा आयत होत नाही हे पाहून मुलं आधी चिंचोके पुन्हा मोजतात. मूळ संख्या त्यांना तिथं भेटते.

ही पायरी कुणी गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 'याला बीजगणित जमत नाही' असं ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याला बहुतेक वेळा ४८ म्हणजे ३ × १६ हे चटकन सुचत नसतं. पाढे कच्चे असतील तर पाढे घ्या. त्यात कमीपणा नाही, दहावीतल्या मुलालाही नाही.

दुसरी पायरी : सामाईक काढणं

६क्ष² + ९क्ष मधून ३क्ष बाहेर काढला की ३क्ष(२क्ष + ३). हे मुलांना लवकर येतं, म्हणून इथं फार थांबू नका. एकच चूक सारखी होते. ४क्ष² + २क्ष चं उत्तर मुलं २क्ष(२क्ष) असं लिहितात. २क्ष मधून २क्ष काढला, म्हणजे काही उरलं नाही असं त्यांना वाटतं. लाल शाईची फुली मारण्याऐवजी 'परत गुणून बघ' म्हणायचं. २क्ष × २क्ष = ४क्ष², दुसरं पद गेलं कुठं? मग कंसात १ येतो, २क्ष(२क्ष + १), आणि तो १ पुढं सुटत नाही. आणखी एक सवय लावा : कुठलंही उदाहरण आलं तरी आधी सामाईक काही निघतंय का बघायचं. २क्ष² + १०क्ष + १२ मधून २ बाहेर काढला की उरलेलं किती सोपं होतं ते त्यांचं त्यांनाच दिसतं.

तिसरी पायरी : लग्नपत्रिकांचे तुकडे

इथं मात्र मनसोक्त थांबा. घरोघरी जुन्या लग्नपत्रिका पडून असतात, त्यांचा जाड कागद या कामाला उत्तम. तीन प्रकारचे तुकडे कापायचे : ७ सेंटिमीटर बाजूचा मोठा चौरस, हा क्ष², ७ बाय २ ची पट्टी, ही क्ष, आणि २ बाय २ चा लहान चौरस, हा १. लहान चौरसाची बाजू मोठ्या बाजूत नेमकी बसू नये म्हणून ७ आणि २ घेतलेत. ८ आणि २ घेतलं तर मुलं 'क्ष म्हणजे ४' असं धरून बसतात.

आता एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा लहान चौरस. सगळे वापरून, मधे फट न ठेवता, एक आयत करा. पट्ट्या मोठ्या चौरसाच्या दोन बाजूंना वाटाव्या लागतात : एकीकडे दोन, दुसरीकडे तीन, आणि कोपऱ्यातली रिकामी जागा सहा लहान चौरसांनी बरोबर भरते. आयताच्या बाजू मोजल्या की क्ष + २ आणि क्ष + ३. म्हणजे

क्ष² + ५क्ष + ६ = (क्ष + २)(क्ष + ३)

'बेरीज पाच, गुणाकार सहा' हा नियम मी सांगत नाही. पट्ट्यांची वाटणी म्हणजे बेरीज आणि कोपरा भरणं म्हणजे गुणाकार, हे त्यांच्या हाताखालीच असतं. मग सहा ऐवजी सात लहान चौरस द्या. आयत होत नाही. थोडा वेळ धडपडू द्या. सगळ्याच बहुपदींचे पूर्णांकात अवयव पडत नाहीत, हे या धडपडीतून कळतं, सांगून कळत नाही.

दहा पट्ट्यांचं कोडं

हा भाग पुस्तकात या रूपात नाही, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं सार इथं आहे. एक मोठा चौरस, दहा पट्ट्या. लहान चौरस किती असले तर आयत होईल? एक-दोन नव्हे, सगळी उत्तरं शोधा. (एकही लहान चौरस नसला तर सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला लागतात, ते उत्तर बाजूला ठेवा.)

पट्ट्या १ आणि ९ अशा वाटल्या तर ९ लहान चौरस. २ आणि ८, तर १६. ३ आणि ७, तर २१. ४ आणि ६, तर २४. ५ आणि ५, तर २५. फळ्यावर उलट क्रमानं लिहिलं : २५, २४, २१, १६, ९. एवढंच लिहून मी खडू खाली ठेवते. एकदा मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "टीचर, पंचविसातनं काय काय गेलंय बघा की! शून्य, एक, चार, नऊ, सोळा." सगळे वर्ग. वर्गात क्षणभर कुणी बोलेना.

असं का होतं? दहाचे निम्मे पाच. एका बाजूची पट्टी काढून दुसरीकडे लावली की ५ − १ आणि ५ + १, आणि त्यांचा गुणाकार ५² − १². दोन हलवल्या तर ५² − २². खांब असलेला गुंठाच पुन्हा आला!

याचा थेट उपयोग आहे. बेरीज १० आणि गुणाकार २१ असलेल्या संख्या हव्यात? निम्मे ५, त्याचा वर्ग २५, त्यातून २१ गेले, उरले ४, त्याचं वर्गमूळ २. संख्या ५ − २ आणि ५ + २, म्हणजे ३ आणि ७. चाचपडायला नको. आता मोठं उदाहरण द्या, क्ष² + ४६क्ष + ५१३. ५१३ च्या जोड्या शोधत बसलं तर वेळ जातो. निम्मे २३, वर्ग ५२९, वजा ५१३, उरले १६, वर्गमूळ ४. संख्या १९ आणि २७. उत्तर (क्ष + १९)(क्ष + २७). उरलेली संख्या पूर्ण वर्ग नसली तर पूर्णांकात अवयव पडणार नाहीत, हेही इथंच ठरतं. मघाच्या सातच्या उदाहरणात बघा : निम्मे अडीच, वर्ग सव्वासहा, आणि सव्वासहातून सात जात नाहीत.

वर्गसमीकरणांत 'वर्ग पूर्ण करणे' म्हणतात ते हेच. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास वर्गसमीकरणं सोडवण्याचा एक नियम श्रीधराचार्यांच्या नावानं नोंदवून ठेवला आहे : दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीनं गुणा आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. चौपट कशासाठी? निम्मे करताना येणारे अपूर्णांक टाळण्यासाठी. ज्यांनी अडीच आणि सव्वासहाची खटपट केलेली असते, त्यांना ही युक्ती ऐकताक्षणी पटते.

ऋण चिन्हं

कागदाचे तुकडे धन चिन्हांपर्यंतच चांगले. ऋण चिन्ह आलं की जोड्यांच्या तक्त्याकडे परत या. 'फरक' हा रकाना यासाठीच ठेवला होता. शेवटचं पद धन असेल तर बेरजेचा रकाना, ऋण असेल तर फरकाचा. क्ष² − ३क्ष − २८ घ्या. २८ च्या जोड्या १ व २८, २ व १४, ४ व ७. फरक ३ असलेली जोडी ४ आणि ७. मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह, म्हणून −७ आणि +४. उत्तर (क्ष − ७)(क्ष + ४).

मधलं पद फोडणं

६क्ष² + ११क्ष + ३. इथं ६ आणि ३ यांचा गुणाकार १८ घ्यायचा, आणि ज्यांचा गुणाकार १८ नि बेरीज ११ अशा संख्या शोधायच्या : ९ आणि २.

६क्ष² + ९क्ष + २क्ष + ३
= ३क्ष(२क्ष + ३) + १(२क्ष + ३)
= (३क्ष + १)(२क्ष + ३)

रीत सगळे शिकवतात, पण 'सहाला तीननं का गुणायचं?' हा प्रश्न एखादं मूल विचारतंच, आणि त्याला 'तशी पद्धत आहे' हे उत्तर देऊ नये. उत्तरापासून मागं चला. (३क्ष + १)(२क्ष + ३) गुणताना मधली दोन पदं ३ × ३ = ९ आणि १ × २ = २ अशी आली. पहिलं पद ३ × २ मधून, शेवटचं १ × ३ मधून. दोन्हीकडे त्याच चार संख्या आहेत, फक्त जोड्या वेगळ्या. म्हणून ९ × २ आणि ६ × ३ दोन्ही १८. मुलांना चार संख्या चार रंगांच्या खडूंनी लिहायला लावा, मग ते दिसतं.

पडताळा : क्ष च्या जागी १०

उत्तर गुणून बघणं हा खरा पडताळा. पण घाईत एक झटपट पडताळाही हवा. बरीच मुलं क्ष = १ ठेवतात. तो दगा देऊ शकतो. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव कुणी चुकून (क्ष + १)(क्ष + ५) लिहिले, तर क्ष = १ ला डावीकडे १२ आणि उजवीकडे २ × ६, तेही १२! चूक उत्तर पास झालं. आता क्ष = १० ठेवा. डावीकडे १५६, उजवीकडे ११ × १५ = १६५. चूक लगेच पकडली. बरोबर उत्तराला १२ × १३ = १५६. दहा ठेवलं की बहुपदीचे सहगुणक एकक, दशक, शतक होऊन बसतात, म्हणून आकडेमोडही सोपी. हुशार मुलांना एवढं आणखी सांगावं : दुसऱ्या घाताच्या दोन बहुपदी तीन वेगवेगळ्या किमतींना जुळल्या, की त्या सगळीकडेच जुळतात.

चिठ्ठ्यांचा डाव

आता सराव मुलांच्या हाती द्यायचा. शनिवारी शेवटचा तास. दोघं-दोघं जोडीनं बसतात. प्रत्येकानं गुपचूप दोन कंस घ्यायचे, गुणायचे, आणि फक्त गुणाकार चिठ्ठीवर लिहून समोरच्याला द्यायचा. समोरच्यानं अवयव पाडायचे. दर पाच चिठ्ठ्यांत एक अशी चालते जिचे अवयव पडतच नाहीत, पण ती देणाऱ्यानं 'का पडत नाहीत' हे सिद्ध करून दाखवायचं. ज्यानं गणित बनवताना गुणाकार चुकवला, त्यानं तो डाव हरला.

कच्च्या मुलाला लहान आकडे घेऊ द्या, कुणी हसत नाही. दोन-तीन शनिवारांत तोच मुलगा समोरच्याला अडवायचं म्हणून ऋण चिन्हं घ्यायला लागतो. चांगल्या चिठ्ठ्या एका डब्यात साठवा. बस चुकणाऱ्या मुलांना त्यातल्या वीस चिठ्ठ्या घरी देता येतात, आणि त्या मित्रांनीच लिहिलेल्या असतात.

तीन भाषांची एक वही

आमची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं की एकदम इंग्रजीत जातात. कन्नड तर बाजारात, बसमध्ये, कचेरीत आहेच. म्हणून वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखून घ्या. अवयव, अपवर्तन, फॅक्टर. बहुपदी, बहुपदोक्ती, पॉलिनोमियल. गुणाकार, गुणलब्ध, प्रॉडक्ट. यातला 'अपवर्तन' हा शब्द जपून. कन्नड गणितात तो अवयव आहे, तर मराठी विज्ञानात प्रकाशाच्या वाकण्याला आपण अपवर्तन म्हणतो. कन्नड माध्यमाच्या मित्राबरोबर अभ्यास करताना आमची एक मुलगी अर्धा तास भिंग शोधत होती. तेव्हापासून हा शब्द मी पहिल्याच दिवशी लिहून देते.

आणखी पुढं : १०८९ पुन्हा

अवयव फक्त 'अवयव पाडा' या प्रश्नासाठी नसतात, हे दाखवायला एक तास राखून ठेवा. तीन अंकी संख्या घ्या, पहिला अंक शेवटच्यापेक्षा मोठा. समजा ७३२. उलटी करा, २३७. वजा करा, ४९५. ही उलटी करा, ५९४. दोन्हींची बेरीज १०८९. प्रत्येकानं वेगळी संख्या घेतली तरी सगळ्यांचं उत्तर १०८९ च येतं (वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ अशी लिहायची). "गुंठा!" असा ओरडा वर्गातून होतो तो ऐकण्यासारखा असतो.

मग 'का?' अंक क, ख, ग मानू. संख्या १००क + १०ख + ग, उलटी १००ग + १०ख + क. वजा केल्यावर ९९क − ९९ग, म्हणजे ९९(क − ग). सामाईक अवयव बाहेर काढला आणि ख गायब झाला! म्हणजे वजाबाकी नेहमी ९९ च्या पाढ्यातली : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५ आणि पुढं. या पाढ्यात मधला अंक कायम ९ आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही कायम ९. उलटं करून मिळवलं की शतकात ९००, दशकात १८०, एककात ९. झाले १०८९.

यानंतरचं कोडं देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांचं. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडा, मग लहानापासून मोठ्याकडे, आणि वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा (९९९ आलं तर ते ०९९९ असं लिहायचं). ३५२४ घेऊन बघा : ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ चं तेच करा, पुन्हा ६१७४. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथं येऊन थांबता. आठवीच्या मुलांनी याचं पूर्ण कारण शोधावं अशी अपेक्षा नाही. घंटा व्हायच्या आत मी फळ्यावर एवढंच लिहून ठेवते, मोठ्यापासून लहानाकडे मांडलेले अंक क, ख, ग, घ मानले तर पहिल्या वजाबाकीचं रूप :

९९९(क − घ) + ९०(ख − ग)

यातून सामाईक काय निघतं, आणि त्यावरून ३०८७, ८३५२, ६१७४ या तिन्हींबद्दल काय सांगता येतं, ते सोमवारी.